संकेतस्थळाच्या तळाशी

अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचं नगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एखादं काम निघालं, तर त्याचा सबंध दिवस जातो. त्यात साहेब दौऱ्यावर असले की दिवस फुकट, भाडं फुकट आणि पुन्हा हेलपाटा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. 17,048 चौरस किलोमीटर, 14 तालुके आणि 2011च्या जनगणनेनुसार 45 लाखांवर लोकसंख्या. एका टोकाला सह्याद्रीतलं अकोले, दुसऱ्या टोकाला मराठवाड्याला लागून असलेलं जामखेड. एवढ्या पसरलेल्या जिल्ह्यात एक चालू फोन नंबर वेळेवर सापडला, तरी कुणाचा तरी एक दिवस वाचतो.

तो नंबर, किंवा नंबराकडे नेणारा दुवा, संकेतस्थळावर बहुधा एकाच जागी असतो: पानाच्या अगदी तळाशी. या तळाच्या पट्ट्याला फुटर म्हणतात. पान कुठलंही उघडा, तो तसाच्या तसा खाली हजर असतो. वरचा मेनू, चित्रं, फिरती पट्टी यांवर बैठका होतात, रंग ठरतात, उद्घाटनं होतात. फुटर मात्र सगळं झाल्यावर उरलंसुरलं कोंबण्याची जागा ठरतो. प्रत्यक्षात तिथे येणारा माणूस सगळ्यात गरजू असतो. वर त्याला हवं ते मिळालेलं नसतं, म्हणून तर तो इतक्या खाली आलेला असतो.

देशातल्या बहुतेक जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं एकाच साच्यातली आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केलेल्या ‘एस-थ्री-वास’ नावाच्या व्यवस्थेवर ती चालतात आणि नगरचंही त्याच कुळातलं. वर जिल्ह्याविषयी, विभाग, पर्यटन, दस्तऐवज, सूचना, नागरिक सेवा अशी दालनं. पान खाली सरकवत गेलं की आधी डिजिटल इंडिया, मायगव्ह यांसारख्या राष्ट्रीय उपक्रमांच्या बोधचिन्हांची रांग लागते. तिच्याखाली खरा तळ: धोरणं, मदत, संपर्क, अभिप्राय. मग मजकुराची मालकी जिल्हा प्रशासनाची असल्याचं एक वाक्य, बांधणी एनआयसीची असल्याचं दुसरं आणि शेवटी एक तारीख, संकेतस्थळ अद्ययावत केल्याची. ही आखणी कुणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीने झालेली नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009मध्ये आली, तिसरी आवृत्ती 2023मध्ये. मजकूर कुणाचा, शेवटचा बदल कधीचा, धोरणं कोणती आणि तक्रार कुठे करायची हे नागरिकाला दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

म्हणजे फुटरचं पहिलं काम वाट दाखवण्याचं नाहीच. ते सही करण्याचं आहे.

आणि या कामाची परंपरा याच जिल्ह्यात सातशे वर्षांहून जुनी आहे. प्रवरेकाठी नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे रामचंद्र यादवाच्या राज्याचा आणि स्थळाचा उल्लेख येतो आणि अगदी अखेरीस शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, हा काळ, टीकाकार ज्ञानेश्वरांचं नाव आणि ती उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव. कुणी केलं, कुणी लिहिलं, कधी, कुठे: ग्रंथाच्या तळाशी सगळं नोंदलेलं. पुढे छापखाने आले तेव्हाही नगर मागे नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842मध्ये नगरलाच सुरू झालं. मग 1867च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं व ठिकाणं छापणं सक्तीचं झालं. मराठी दैनिकाच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात येणारी ‘मालक, मुद्रक, प्रकाशक’ची ओळ त्यातूनच आली. ती रोज कुणी वाचत नाही. पण बातमीवरून वाद झाला, की वकील आधी तीच ओळ काढतो.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही सुरुवातीच्या काळात पानं लिहिणाऱ्यांसाठी ज्या सूचना केल्या, त्यांत पानावर सही करा आणि मजकूर कधीचा, कितपत पक्का आहे ते सांगा, असं बजावलं होतं. पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये लेखकाच्या संपर्कासाठी स्वतंत्र खूण तेव्हापासून आहे. फुटरसाठी वेगळी खूण मात्र एचटीएमएल-5मध्ये आली. ते मानक 2014च्या ऑक्टोबरमध्ये अधिकृत झालं.

मधल्या काळात हा तळ फुगत गेला. साधारण 2005नंतर संकेतस्थळं मोठी झाली, वरच्या मेनूत सगळं मावेना, मग चार-पाच स्तंभांचे, तीस-चाळीस दुव्यांचे फुटर रूढ झाले. अ‍ॅपलच्या फुटरमध्ये खरेदी, खातं, व्यवसाय, शिक्षण, कंपनीची मूल्यं अशा शीर्षकांखाली दुव्यांच्या रांगा असतात. अ‍ॅमेझॉनवर तळाच्या वर आडवी पट्टी असते: पुन्हा वर जा. फ्लिपकार्टच्या तळाशी तर लोक जास्त शोधतात त्या वस्तूंचीच भलीमोठी यादी असते. ती ग्राहकापेक्षा गूगलसारख्या शोधयंत्रांच्या जास्त उपयोगाची, हे उघड आहे.

एवढा मोठा फुटर उपयोगी पडतो का? पडतो, पण एका अटीवर. वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नील्सन नॉर्मन ग्रुपने 2018मध्ये डोळ्यांच्या हालचालींच्या मोजणीवरून दाखवलं, की लोकांचा पाहण्याचा 57 टक्के वेळ पान उघडताच दिसणाऱ्या भागावर जातो आणि पहिल्या दोन पडद्यांतच 74 टक्के संपतो. त्यांनीच 2010मध्ये केलेल्या मोजणीत पहिल्या भागाचा वाटा 80 टक्के होता. लोक पूर्वीपेक्षा जास्त खाली जाऊ लागले आहेत, तरीही लांब पानाच्या तळापर्यंत थोडेच पोचतात. जे पोचतात ते दोन प्रकारचे. एकाने पान पूर्ण वाचलेलं असतं आणि त्याला पुढे कुठे जायचं ते हवं असतं. दुसरा मुद्दाम थेट खाली आलेला असतो, कारण पत्ता, फोन, परताव्याचे नियम, नोकरभरती या गोष्टी तळाशी असतात हे त्याला सवयीने ठाऊक असतं. पहिल्याला चार नेमके दुवे पुरतात. दुसऱ्याला त्याची ठरलेली गोष्ट ठरलेल्या जागी लागते. चाळीस दुव्यांची यादी दोघांनाही नको असते. त्या यादीतून बहुतेक वेळा एकच गोष्ट कळते: वरचा मेनू नीट लावलेला नाही, म्हणून सगळं पुन्हा खाली ओतलंय.

संगणकाच्या रुंद पडद्यावर हा पसारा खपून जातो, पण नगर जिल्ह्यातला बहुसंख्य वाचक फोनवर असतो. तिथे चार स्तंभ शेजारी मावत नाहीत, ते एकाखाली एक रचले जातात. बोटाने अचूक दाबता यावं म्हणून एका दुव्याला 44 एकक उंची हवी, असं अ‍ॅपल आपल्या विकासकांना सांगते. चाळीस दुवे म्हटले की 1,760 झाले. साध्या फोनवर एका वेळी दिसतात सातशे-आठशे. म्हणजे दोनाहून जास्त पडदे निव्वळ फुटर. संपर्काचा नंबर त्याच्याही खाली असेल, तर तो शोधायला माणसाजवळ चिकाटी हवी. उंची कमी केली, तर अंगठा एकावर ठेवला आणि शेजारचाच उघडला, हे ठरलेलं. वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक मानकाने 2023च्या आवृत्तीत दाबण्याच्या जागेची किमान मर्यादा 24 एकक ठेवली, ती याच त्रासापोटी. अ‍ॅपलने आपल्यापुरता तोडगा काढला आहे. फोनवर त्यांचा फुटर नुसती शीर्षकं दाखवतो, शीर्षक दाबलं की यादी उघडते.

मराठी फुटरला आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीत जाणवत नाही. तळाचा मजकूर बारीक आणि करड्या रंगात ठेवायची पद्धत आहे. रोमन अक्षर त्या आकारात निभावतं. देवनागरीत शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ‘सूचना व धोरणे’ हे शब्द बारा आकारात, राखाडीवर राखाडी, दुपारच्या उन्हात शेताच्या बांधावर उभं राहून वाचून बघावेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5ला 1 असावं, असा नियम आहे. फुटर रंगवताना तो सर्रास विसरला जातो. पंचावन्न-साठीच्या माणसाला त्याचा फटका सगळ्यात आधी बसतो आणि पेन्शन, वारसनोंद, उतारा यांसाठी खाली जाणाऱ्यांत तीच माणसं जास्त असतात.

एका वाचकवर्गाला मात्र मोठ्या मेनूपेक्षा मोठा फुटर बरा वाटतो. दृष्टिहीन माणूस एनव्हीडीएसारखं पडदावाचक सॉफ्टवेअर वापरतो. ते पान वरपासून क्रमाने मोठ्याने वाचतं. वर पन्नास दुव्यांचा मेनू असला, तर प्रत्येक नव्या पानावर ते पन्नास दुवे आधी कानावर आदळतात. म्हणूनच सरकारी संकेतस्थळांच्या अगदी माथ्यावर मुख्य मजकुराकडे थेट नेणारा दुवा दिलेला असतो. फुटर शेवटी येतो, तो कुणाच्या वाटेत आडवा पडत नाही. नीट खूण केलेली असेल, तर पडदावाचकात एखाद-दुसरी कळ दाबून थेट त्यावर उडी मारता येते. मात्र तिथे ‘इथे क्लिक करा’ असे पाच दुवे ओळीने असतील, तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. ‘तहसील कार्यालय, शेवगाव: दूरध्वनी’ असं लिहिलं तर होतो. हा शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016चा आहे आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

फुटरचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र न संपणारं पान. बातम्यांच्या अनेक संकेतस्थळांवर एक बातमी संपत आली की दुसरी आपोआप जोडली जाते. वाचक तळ गाठायला निघतो, तळ दिसतो न दिसतो तोच पुढची बातमी त्याला खाली ढकलते. संपादकाचा पत्ता, चूक कळवण्याची सोय, सारं तिथे असतं आणि हाती लागत नाही. गूगलने आपल्या शोधनिकालांत ही रीत आधी फोनवर 2021मध्ये आणि मग संगणकावर 2022मध्ये आणली होती. 2024च्या जूनमध्ये संगणकावरून ती काढून टाकली आणि पानांचे क्रमांक परत आले. ज्या पानाला शेवट नाही, त्याचा पत्ता आणि तक्रारीची सोय वर किंवा बाजूला दिली पाहिजे. तळाशी दिली म्हणून जबाबदारी संपत नाही.

मराठी विकिपीडियावर या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. 2003च्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाचा खरा फुटर छोटासा आहे: शेवटचा बदल कोणत्या तारखेला, किती वाजता झाला आणि मजकूर कोणत्या परवान्याखाली वापरता येईल. ही तारीख त्या त्या पानाची असते, हे विशेष. सरकारी पानाखालची तारीख सबंध संकेतस्थळाची असेल, तर काल एखाद्या समारंभाचा फोटो चढवला म्हणून तीन वर्षांपूर्वीचा फोन नंबरही ताजा दिसू लागतो. विकिपीडियावरची दुसरी गोष्ट लेखाच्या शेवटी येणारे मार्गदर्शक चौकोन. पारनेरचा लेख वाचून झाला, की खाली जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांची चौकट असते. तिथून पाथर्डी, तिथून राहुरी असं हिंडता येतं. मोठ्या फुटरचा याहून चांगला उपयोग सांगता येणार नाही: वाचून झालेल्या विषयाला लागून असलेलं, नेमकं, एका कुळातलं. पण हेच पान फोनच्या आवृत्तीत उघडलं, तर हे चौकोन दिसतच नाहीत. ज्याच्याकडे संगणक आहे त्याला चौदा तालुक्यांची वाट मोकळी, ज्याच्याकडे फोन आहे त्याला माहीतही नाही की अशी वाट होती.

सध्या नगरकरांसाठी फुटरला एक जादा काम लागलं आहे. मार्च 2024मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या संमतीनंतर अधिकृतपणे जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. फुटर एका ठिकाणी लिहिला जातो आणि हजार पानांवर दिसतो, त्यामुळे तो एकदा बदलला की नवं नाव सगळीकडे पोचतं. जुन्या पीडीएफ, जुने आदेश, जमिनीचे दस्त यांत जुनंच नाव राहणार आणि ते तसंच राहायला हवं, कारण ते त्या काळचे कागद आहेत. शोधणारे लोक पुढची कित्येक वर्षं दोन्ही नावं टाइप करतील. त्यामुळे प्रत्येक कार्यालयाने, शाळेने, संस्थेने पत्त्याच्या ओळीत ‘अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)’ असं लिहिणं शहाणपणाचं. दोन शब्द वाढतात, पण परगावचा माणूस चुकत नाही.

खासगी धंद्यांना तर तळाशी काय लिहायचं हे कायद्यानेच सांगितलंय. कंपनीचं संकेतस्थळ असेल, तर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी कुणाला गाठायचं त्याचं नाव मुखपृष्ठावर द्यावं लागतं. 2014च्या नियमांत तसं आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना 2020च्या ग्राहक संरक्षण नियमांनी तक्रार अधिकारी नेमायला आणि 48 तासांत तक्रारीची पोच, महिन्याभरात निवारण द्यायला लावलं आहे. नगर जिल्हा मात्र सहकाराचा. साखर कारखाने, पतसंस्था, दूधसंघ हे कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळे कंपन्यांचा तो नियम त्यांना लागू होत नाही. ज्या पतसंस्थेत गावाने ठेवी ठेवल्या आहेत, तिने आपला नोंदणी क्रमांक, मुख्य शाखेचा पत्ता आणि सहकार खात्याच्या कुठल्या निबंधकाच्या देखरेखीखाली आपण आहोत हे आपणहून तळाशी लिहिलं, तर ठेवीदाराला विश्वासाचं एक कारण मिळेल.

अर्थात तळाशी लिहिलेलं सगळं खरं मानायचं नाही. देवस्थानांच्या नावाने बनावट संकेतस्थळं उभारून खोल्यांचे, पूजेचे पैसे उकळण्याचे प्रकार देशभर घडतात. बनावट पान करणारा फुटरही हुबेहूब उचलतो: तेच बोधचिन्ह, तीच पत्त्याची ओळ, फक्त मोबाइल नंबर वेगळा. शिर्डीला निघालेल्या भक्ताने पैसे भरण्याआधी तळाकडे न बघता वर बघावं, ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता अक्षर-अक्षर वाचावा. देवस्थानाचा पत्ता तसा असेलच असं नाही, पण सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो आणि तो कुणालाही उचलता येत नाही.

राहता राहिला प्रश्न, सरकारी तळाशी काय हवंच. त्याचं उत्तरही नगर जिल्ह्याशी जोडलेलं आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी जो लढा दिला, त्यातून महाराष्ट्राचा 2002चा कायदा आला. देशाचा कायदा 2005मध्ये झाला. देशाच्या या कायद्याचं चौथं कलम फार मोलाचं आहे. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने 17 मुद्द्यांची माहिती आपणहून जाहीर करावी, असं ते सांगतं. त्यात कामं, अधिकार, अधिकाऱ्यांची यादी, पगार, अंदाजपत्रक, लाभार्थी, माहिती अधिकाऱ्याचं नाव हे सगळं येतं. लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी, हा त्यामागचा हेतू. माहिती स्थानिक भाषेत द्यावी आणि दरवर्षी अद्ययावत करावी, हेही त्यातच आहे. 2025च्या जानेवारीत राज्य सरकारने कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला, त्यातही संकेतस्थळ अद्ययावत करण्याचं कलम होतं.

तेव्हा सरकारी फुटर मोठा असावा की लहान, यावर फार घोळ घालायचं कारण नाही. मराठीत ठळक लिहिलेल्या पाच गोष्टी तिथे हव्यात: चालू फोन नंबर, चौदाही तहसील कार्यालयांच्या संपर्काचं एक पान, तक्रारीची जागा, माहितीच्या अधिकारातले 17 मुद्दे आणि त्या त्या पानाची खरी तारीख. बाकी बोधचिन्हांच्या रांगा नसल्या तरी कुणाचं अडणार नाही.

वाचकांनी आपल्या तालुक्याच्या, नगरपालिकेच्या, पंचायत समितीच्या संकेतस्थळावर जाऊन एकदा तळ गाठून बघावा. तिथला नंबर लावून बघावा. नंबर बंद असेल, तर ‘अभिप्राय’ हा दुवा त्यासाठीच आहे, तिथे मराठीत चार ओळी लिहाव्यात. आणि 17 मुद्द्यांची माहिती जुनी असेल किंवा नसेलच, तर ती शेवटची कधी अद्ययावत केली असं विचारणारा माहितीच्या अधिकारातला अर्ज द्यावा. महाराष्ट्रात त्याचं शुल्क 10 रुपये आहे आणि तो ऑनलाइनही करता येतो.